तात्या विंचू म्हणजे चकीची कॉपी? दोन बाहुल्यांच्या सिक्वेल आणि रिमेकची कुंडली

सोशल मीडियावर तात्या विंचूचं मीम आलं की कमेंटमध्ये एकजण तरी सांगतोच, हा तर हॉलिवूडचा चकी आहे. त्यावर दुसरा भडकतो आणि वाद सुरू होतो. खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. कसं ते बघू.

मूळ गोष्ट एकच

१९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' आला. पोलिसांच्या गोळीने मरायला टेकलेला गुंड मंत्राच्या जोरावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो. पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याला त्याने आपलं गुपित सगळ्यात आधी सांगितलं त्याच्याच शरीरात शिरावं लागणार. तिथे तो असतो अँडी नावाचा लहान मुलगा.

१९९३ साली महेश कोठारेंनी 'झपाटलेला' आणला. गुंड, मंत्र, बाहुला, अट, सगळं तेच. फक्त अँडीच्या जागी आला लक्ष्या.

मग वेगळं काय?

इथेच खरी मेख आहे. लहान पोराच्या मागे बाहुला लागला की प्रेक्षक घाबरतो. शब्दभ्रमाचे खेळ करू पाहणाऱ्या लक्ष्याच्या मागे लागला की प्रेक्षक घाबरतोही आणि हसतोही. बोलक्या बाहुल्या नाचवणारा माणूसच सांगतोय की बाहुला खरंच बोलतो, मग गाव त्याला वेड्यात काढणारच!

तात्याचा बाहुला रामदास पाध्येंनी घडवला आणि नाचवला. बाहुल्यात शिरायच्या आधीचा तात्या दिलीप प्रभावळकरांनी साकारला. म्हणून सांगाडा अमेरिकेचा असला तरी अंगावरचं मांस मराठी आहे. हिंदीत १९९६ साली 'पापी गुडिया' आला, तोही याच कल्पनेवर. पण तो आज किती जणांना आठवतो?

चकीचा प्रवास

चकीचे १९८८ ते २०१७ या काळात सात सिनेमे आले. त्यांचे सरळ तीन टप्पे पडतात.

- १९८८, १९९० आणि १९९१: निव्वळ भीती, समोर अँडी.
- १९९८ आणि २००४: चकीला बायको मिळाली, मग पोरही झालं. भीती मागे पडून विनोद पुढे आला.
- २०१३ आणि २०१७: गाडी पुन्हा भीतीकडे वळली.

सातही भाग डॉन मॅन्सिनी यांनी लिहिले आणि सगळ्यांत चकीचा आवाज ब्रॅड डुरिफ यांचा. त्यामुळे सूर बदलला तरी बाहुला तोच वाटत राहिला.

२०१९ साली रिमेक आला. त्यात ना आत्मा, ना मंत्र. बाहुला म्हणजे बिघडलेलं स्मार्ट यंत्र, आवाज मार्क हॅमिल यांचा. मॅन्सिनी त्यात नव्हते. कल्पना आजच्या काळाला धरून होती, पण त्या रिमेकचा पुढचा भाग आला नाही. उलट २०२१ साली मॅन्सिनी आणि डुरिफ जुन्याच चकीला घेऊन मालिकेत परतले आणि ती तीन सीझन चालली.

तात्याचा दुसरा फेरा

'झपाटलेला २' आला २०१३ साली, थ्रीडीमध्ये. आता नायक लक्ष्याचा मुलगा, भूमिकेत आदिनाथ कोठारे. बाहुला होता, दिग्दर्शक तोच होता, तंत्र तर आधीपेक्षा भारी होतं. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते. 'झपाटलेला'ची अर्धी गंमत बाहुल्याची आणि अर्धी त्याला घाबरणाऱ्या लक्ष्याची. दुसऱ्या भागाला ही उणीव भरून काढता आली नाही.

थोडक्यात काय?

आपल्याकडे रिमेक जमल्याचं उदाहरणही आहे. 'लपाछपी' हा मराठी भयपट विशाल फुरिया यांनी स्वतःच २०२१ साली हिंदीत 'छोरी' म्हणून केला आणि २०२५ साली त्याचा दुसरा भागही आणला. उसाच्या शेतात अडकलेली गरोदर बाई आणि मुलगी नको म्हणणारं घर, ही मूळ भीती त्यांनी सोडली नाही.

म्हणजे बाहुला, भूत, मंत्र उसने आणता येतात. कोण घाबरतंय आणि कशाला, हे मात्र आपलं असावं लागतं. आता 'झपाटलेला ३'ची घोषणा झालीय आणि बेर्डेंना एआयने पडद्यावर आणण्याची चर्चाही रंगली. चेहरा येईलही, पण लक्ष्याचं ते घाबरणं एआयला जमेल? तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा.