न्याहारी आणि निहारी

भेंडीबाजारातल्या एका जुन्या हॉटेलात आम्ही चौघे मित्र शिरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आलेलो, भूक कडकडून लागलेली. मी चार प्लेट निहारी सांगितली. वेटर उतारवयाचे होते. आमच्याकडे एकवार बघून म्हणाले, "पहले दो मंगाओ बेटा. कम पड़ा तो बोलना."

कमी पडायचा प्रश्नच नव्हता. काठोकाठ दाट रस्सा, वर लाल तवंग, मधोमध नळी, बाजूला आल्याचे काप, हिरवी मिरची, लिंबू आणि ताटाबाहेर जाणारी खमिरी रोटी. दोन प्लेटा चौघांना संपेनात. तेव्हा एक मित्र हसत म्हणाला, "तुमच्या घरी रोज सकाळी हेच असतं काय रे?"

प्रश्नात खोट नव्हती. पण माझ्या घरात निहारी कधीच शिजली नव्हती. मी ती पहिल्यांदा खाल्ली विसाव्या वर्षी, तीही मुंबईत. आमच्या दादांची सकाळ म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. पहाटे मोट धरलेला माणूस ऊन तापायच्या आत बांधावर बसून हे खायचा. दादी फडक्यात बांधून घेऊन जायची. घरात दख्खनी बोलत असलो तरी या खाण्याला आमचा शब्द गावाचाच होता: न्याहारी.

न्याहारी आणि निहारी. दोन्ही शब्द एकामागोमाग म्हणून पाहा. ते एकाच घरातले आहेत. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस. फारसीत 'नहार' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, रिकाम्या पोटाचा. ती रिकामी कूस मोडणारे पहिले खाणे ते नहारी. उत्तरेत हा शब्द एका पदार्थाला चिकटला. मराठीत तो पदार्थाला न चिकटता वेळेला चिकटला. त्यामुळे वारकऱ्याच्या घरातही न्याहारी होते आणि तिला कुणी परका शब्द म्हणत नाही.

निहारी कुठली, यावर दिल्ली आणि लखनौ यांचा जुना वाद आहे. नवाब फजरच्या नमाजनंतर निहारी खाऊन दुपारपर्यंत झोपत, अशी एक गोष्ट सांगतात. ती नवाबांपुरती खरी असेलही. पण या पदार्थाची घडण बघितली तर तो झोपणाऱ्यांचा वाटत नाही. नळीचे मांस चिवट, म्हणून स्वस्त. ते मऊ पडायला रात्रभर मंद आच लागते. रस्सा दाट करायला भाजलेले पीठ, म्हणजे थोड्या मांसात जास्त माणसे जेवतात. संध्याकाळी देग चढवायची, झाकण कणकेने बंद करायचे, निखाऱ्यावर सोडून द्यायचे आणि पहाटे उघडायचे. दिल्लीच्या काही जुन्या दुकानांत कालच्या देगेतला थोडा रस्सा आजच्या देगेत घालायची रीत आहे. हे सगळे हिशेब काटकसरीचे आहेत. हमाल, गवंडी, हातगाडीवाला यांनी पहाटे एकदा भरपेट खावे आणि दुपार ढळेपर्यंत पुन्हा चूल आठवू नये, यासाठी ही भरलेली प्लेट.

लखनौचा बडा इमामबाडा नवाब आसफुद्दौलाने 1784 साली दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधायला काढला. तिथल्या मजुरांसाठी मोठमोठ्या देगा रात्रंदिवस चढलेल्या असत आणि दम देऊन शिजवण्याची कला त्यातूनच नावारूपाला आली, अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणूनच घ्या. पण 1972च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आणि कामावर मिळणारी सुकडी खाल्लेल्या महाराष्ट्राला ती समजायला अवघड नाही.

मुंबईत ही देग कष्टकऱ्यांच्या मागोमाग आली. 1857च्या बंडानंतर उत्तरेतल्या विणकरांचे हाल झाले. बनारस, आझमगड, अलाहाबाद भागातले मोमीन विणकर माग सोडून दक्षिणेकडे निघाले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला, काही मुंबईत मदनपुऱ्यात. त्याच सुमारास मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला मराठी कामगार बायकांनी चालवलेल्या खाणावळींत जेवत होता. मदनपुरा, नागपाडा, भेंडीबाजारातला एकटा राहणारा कामगार हॉटेलात जेवत होता. भेंडीबाजारातले नूर मोहम्मदी हॉटेल 1923 पासूनचे. खोलीत चूल नाही, बायको-पोरे गावी, अंगमेहनत बारा तासांची. अशा माणसाला वाढताना हात आखडून चालत नाही. खाणावळवाल्या बाईला हे माहीत होते, तसेच हॉटेलवाल्यालाही.

आता गिऱ्हाईक बदलले आहे. रमजानमध्ये महंमद अली रोडवर पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या जातिधर्माची माणसे येतात, याचा मला आनंदच आहे. पण मोबाईल आधी जेवतो, माणूस नंतर. नळी उंच धरून फोटो निघतो आणि अर्धी प्लेट तशीच उठते. ज्या प्लेटेचा आकार भुकेने ठरवला, ती आता तमाशाचा विषय झाली आहे. अन्न टाकणे हा इस्राफ आहे, हे लहानपणी ताटातल्या शेवटच्या घासापर्यंत ऐकवले जायचे. भाकरीचा तुकडा पडला तर दादी उचलून डोळ्यांना लावायची. शेजारची कुलकर्णी आजीही तेच करायची.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. मोठी प्लेट, लाल तवंग, बिर्याणीची देग एवढ्यावर 'मुसलमानांचे खाणे' संपते. मग लातूरच्या पिंजाऱ्याची भाकरी-आमटी, कोकणी मुस्लिमांचा भात आणि माशाचे कालवण, मालेगावच्या मागवाल्याची चहा-पावावर काढलेली सकाळ कुणाच्या खात्यात मांडायची? आपल्यातलेही काही जण भाकरी सांगायला लाजतात आणि निहारी मिरवतात. निहारी मिरवू नये असे नाही. पण तिच्या मागचा घाम विसरून नवाबाचा झब्बा तिला चढवू नये.

त्या सकाळी आम्ही उरलेली निहारी बांधून घेतली. तिसऱ्या प्लेटेचे पैसे कुणाला द्यावे लागले नाहीत, ते त्या म्हाताऱ्या वेटरमुळे. हॉटेलच्या धंद्याच्या दृष्टीने त्यांनी चूकच केली असेल.

दुसऱ्या दिवशी गावी पोचलो. अम्मीने डबा उघडला, वास घेतला, चुलीवर गरम केला. घरात खमिरी रोटी कुठली? तिने ज्वारीची भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला, लिंबू पिळले आणि दोन घास खाऊन म्हणाली, "चांगली आहे. पण ही न्याहारी नव्हे, हे जेवण झालं."

मग उरलेली झाकून तिने शेतावर अब्बांसाठी पाठवली.