दारू सर्द होऊ नये म्हणून

मंडळी, शीर्षक वाचून ज्यांना शुक्रवारची संध्याकाळ आठवली त्यांची आधीच माफी मागतो. आजची दारू ती नव्हे :) आज बोलायचंय ते तोफा-बंदुकांच्या दारूबद्दल. तीही उडवायची कशी हे नाही, तर पावसाळ्यात ठेवायची कुठे आणि कशी, हा वरकरणी अत्यंत रटाळ प्रश्न.

लढायांचा इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यात सेनापती असतात, फितूर असतात, घोडदळाची मुसंडी असते. कोठारावरचा माणूस कुठेच नसतो. पण जरा विचार करा. सह्याद्रीच्या माथ्यावरचा किल्ला, जून ते सप्टेंबर ढगातच बुडालेला. भिंतींना शेवाळ, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. आणि त्यात तुम्हाला मणावारी दारू अशी जपायची आहे की दसऱ्यानंतर, किंवा उद्या सकाळीच वेढा पडला तर, बत्ती दिल्यावर ती पेटली पाहिजे. सर्द झालेल्या दारूची तोफ म्हणजे नुसतं लोखंडाचं (किंवा पंचधातूचं) ओंडकं.

ह्या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी लिहून ठेवलंय ते म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. शिवाजी महाराजांपासून पुढच्या पिढ्यांपर्यंत राज्यकारभार पाहिलेला हा माणूस. त्यांचं 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचं. त्यातला दुर्गांवरचा भाग किल्लेप्रेमी मंडळी नेहमी उद्धृत करतात, पण बहुधा जागेची निवड, तट, दरवाजे, पाणी, झाडं एवढंच. दारूखान्याबद्दलच्या ओळींवरून नजर घसरते. मला विचाराल तर त्या पुस्तकातल्या सगळ्यात आधुनिक ओळी त्या आहेत.

त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं. दारूखाना राहत्या घरांपासून बाजूला असावा. त्याला तळघर करावं, तळाला चुन्याचा पक्का गच्च करावा, त्या गच्चावर लाकडी माच घालावा आणि माचावर दारूची मडकी ठेवावीत, म्हणजे ओल लागणार नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावं, दारू, बाण, हुक्के (म्हणजे दारू भरलेले हातगोळे) सगळं बाहेर काढून ऊन द्यावं आणि परत मोहोर करून ठेवावं. रात्रंदिवस जागता पहारा हवा आणि परवानगीशिवाय आसपास कुणी फिरकता कामा नये. शिवाय पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, त्यांच्या कान्यात (जिथे बत्ती देतात ते भोक) मेण भरून ठेवावं आणि वरून पुरेसं आच्छादन घालावं.

आता आपल्यासारख्या लोकांनी हे वाचलं की काय दिसतं? आधी रचना: जमिनीतून ओल वर येते म्हणून गच्च, त्यातूनही आलीच तर मधे हवा खेळावी म्हणून माच. मग वेळापत्रक: आठ-पंधरा दिवस. मग जबाबदारी: 'कुणीतरी बघेल' नाही, हवालदार. आणि शेवटी मोहोर, म्हणजे मधल्या काळात कुणी हात लावला तर लगेच कळावं. कंपनीत बॅकअप रोज घेतला जातो पण तो परत चालू होतो का हे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, अशी उदाहरणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अमात्यांच्या हाताखाली त्या माणसाची नोकरी गेली असती. असो.

पण आठ-पंधरा दिवसच का? वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर घसघशीत ऊन दिलं तर नाही का चालणार? इथे थोडं रसायनशास्त्र लागतं. (दहावीनंतर सोडलेल्यांनी घाबरू नये.)

बंदुकीच्या काळ्या दारूत तीन गोष्टी: सोरा, कोळसा, गंधक. युरोपात हे प्रमाण पुढे साधारण ७५, १५, १० असं स्थिरावलं. गंधकाला पाण्याशी घेणंदेणं नाही. कोळसा सच्छिद्र, तो थोडी ओल धरतो. खरी गंमत सोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची. शुद्ध सोरा तसा सज्जन आहे. २५ अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण ९२ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय तो हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागत नाही. पण शुद्ध सोरा आणायचा कुठून? तो मिळायचा गोठ्यांच्या, उकिरड्यांच्या, जुन्या वस्त्यांच्या मातीतून, ती धुऊन आणि ते पाणी आटवून. हिंदुस्थानात बिहारचा सोरा सगळ्यात नावाजलेला, इंग्रज आणि डच तो जहाजं भरभरून नेत. अशा मातीत सोऱ्याबरोबर साधं मीठही येतं आणि कॅल्शियम नायट्रेटही येतं. मीठ ७५ टक्के आर्द्रतेलाच पाणी सोडायला लागतं (बरणीत तांदळाचे दाणे टाकणाऱ्या आज्यांना हे आकडा माहीत नसताना माहीत असतं), आणि कॅल्शियम नायट्रेट तर ५० टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे सोरा जितका कमी शुद्ध, तितकी दारू पावसाळ्याला कच्ची. आणि ढगात बुडालेल्या गडावर आर्द्रता शंभरला टेकलेली असते, तिथे शुद्ध सोऱ्याचीही खैर नाही.

मुद्दा पुढे आहे. दारू नुसती दमट झाली असेल तर उन्हात वाळवून परत कामाला येते. पण पाणी जास्त झालं तर सोरा त्यात विरघळतो, पाण्याबरोबर सरकतो आणि वाळताना दाण्यांच्या पृष्ठभागावर पांढरे खडे धरतो. तिन्ही जिन्नस जे कुटून कुटून एकजीव केलेले असतात ते वेगळे होतात. मग कितीही ऊन द्या, ती वाळते, पण दारू राहत नाही. सगळी परत कुटायची. बाणांचं आणखी अवघड. त्यांच्या नळीत ठासलेली दारू ओल धरून फुगली आणि वाळताना तडकली, तर पेटल्यावर आग त्या भेगांतून एकदम आत शिरते, आणि बाण शत्रूकडे जाण्याऐवजी सोडणाऱ्याच्या हातात फुटू शकतो.

म्हणजे बिघाड उलटवता येतो तो फक्त सुरुवातीला, आणि सुरुवातीला तो डोळ्यांना दिसत नाही. आठ-पंधरा दिवस हा आकडा पंचांग बघून आलेला नाही. तो कुणाची तरी अख्खी मडकी वाया गेल्यावर आलेला असणार, असा माझा अंदाज. आता आषाढात ऊन आणायचं कुठून, हा प्रश्न उरतोच! चार महिने स्वाऱ्या बंद असण्याची कारणं म्हणून आपण नद्यांचे पूर, चिखल, घोड्यांची वैरण वगैरे वाचतो. त्या यादीत मी दारूही घालीन.

आता ह्याची दुसरी बाजू. दारू कोरडी ठेवण्यासाठी जे जे कराल ते ते तिला जास्त धोकादायक करतं. ओली दारू निकामी, पण निरुपद्रवी. कोरडी दारू कामाची, पण ठिणगीची वाट बघत बसलेली. आणि ती बाहेर काढून पसरायची म्हणजे तर विचारूच नका. म्हणून अमात्य ऊन द्यायला सांगतात त्याच दमात पहाराही सांगतात.

पुणेकरांनो, सिंहगडावर तुम्ही पिठलं-भाकरीकडे धावता तेव्हा वाटेत दरवाजातून आत शिरल्यावर उजव्या हाताला एक दगडी इमारत लागते. ते दारूचं कोठार. बहुतेक लोक त्याला टेकून फोटो काढतात आणि पुढे जातात. हे तळघर नाही, जमिनीवरचं बांधकाम आहे. मला हे चुकीचं वाटत नाही. काळ्या कातळात तळघर खोदणं महाग, आणि पावसाळ्यात कातळातल्या भेगांतून पाझरणारं पाणी त्यात साचणार. कोरडेपणासाठी दारू जमिनीवर आणली तर खालून येणारी ओल टळते. पण वरून येणारं संकट टळत नाही. ११ सप्टेंबर १७५१ ला ह्या कोठारावर वीज पडली. गडाच्या फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली सगळी माणसं मेली. परतीच्या पावसाचे ते दिवस, सह्याद्रीवर विजा नाचतात ते नेमके तेव्हाच.

तारीख परत बघा. बेंजामिन फ्रँकलिनचा तो प्रसिद्ध पतंग १७५२ चा. म्हणजे सिंहगडावर वीज पडली तेव्हा विजेपासून इमारत वाचवण्याचा उपाय जगात कुठेच कुणाकडे नव्हता. आणि उपाय सापडल्यावरही तो लगेच बसवला गेला असं नाही. १७६९ मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात दारूच्या साठ्यावर वीज पडून शहराचा मोठा भाग उडाला, तेव्हा कुठे इंग्रज सरकारला आपल्या पर्फ्लीटच्या दारूखान्याची काळजी वाटायला लागली. १७७२ मध्ये रॉयल सोसायटीने समिती नेमली, तिच्यात खुद्द फ्रँकलिन होता, आणि समितीत वाद कशावर, तर वीजवाहक सळईचं टोक अणकुचीदार हवं की बोथट! समित्या तेव्हाही समित्याच होत्या.

आणि डेल्फ्ट. हॉलंडमधलं हे टुमदार गाव चित्रकार व्हर्मीरमुळे आपल्याला माहीत असतं. तिथे एका जुन्या मठात सुमारे ३० टन दारू साठवलेली होती. १२ ऑक्टोबर १६५४ ला कोठाराचा रखवालदार तपासणीसाठी आत गेला आणि सगळं उडालं. शंभरावर माणसं गेली, त्यात कारेल फाब्रिटियस हा गुणी चित्रकारही. ठिणगी कशाची हे सांगायला कुणी उरलं नाही. पाळीची तपासणी हाच सगळ्यात धोक्याचा क्षण, हे अमात्यांच्या हवालदाराला कुणी वेगळं सांगायची गरज नसावी.

बरं, ओल लागली तर फार तर काय होतं? प्लासी होतं. २३ जून १७५७, बंगालमधली भागीरथीकाठची आमराई, भर मोसमी पाऊस. दुपारी सर आली. इंग्रजांनी आपल्या दारूवर ताडपत्र्या ओढल्या. नवाबाच्या बाजूची दारू उघड्यावर भिजली आणि त्याच्या तोफा मंदावल्या. इंग्रजांच्याही तोफा अशाच थंडावल्या असतील असं समजून मीर मदन पुढे सरसावला आणि तोफांच्या माऱ्यात पडला. मीर जाफर आधीच विकला गेला होता, त्यामुळे ताडपत्र्या असत्या तर नवाब जिंकलाच असता असं मी म्हणणार नाही. पण फितुरीचा धडा आपल्या पाठ्यपुस्तकात येतो, ताडपत्रीचा येत नाही.

ह्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ओलीने पुन्हा डोकं वर काढलं, ह्या वेळी काडतुसाच्या रूपात. एन्फिल्ड बंदुकीचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी. गोळीकडच्या टोकाला चरबी लावलेली. गोळी नळीत सहज उतरावी हा मुख्य हेतू, पण कागदाला ओल लागू नये हाही. हे काडतूस १८५३ मध्येच हिंदुस्थानात पाठवलं गेलं होतं, आणि कशासाठी? तर इथल्या हवेत ती चरबी टिकते का हे बघायला! म्हणजे हवामानाची चाचणी झाली. ते दातांनी फाडणाऱ्या माणसाची झाली नाही. कर्नल टकर नावाच्या अधिकाऱ्याने तेव्हाच लेखी इशारा दिला होता की चरबी कसली आहे हे नीट बघा. कागद वर सरकला, पुढे काही नाही. (ओळखीचं वाटतंय?) जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाल्यावर सरकारने घाईघाईने परवानगी दिली की शिपायांनी हवं तर आपलं तेल आणि मेण आणून लावावं. मेण! जे आज्ञापत्रात तोफेच्या कान्यासाठी केव्हाचंच लिहिलेलं होतं. पण तोवर विश्वास सर्द झालेला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने गोळी झाडली.

पुढे दहा वर्षांत कागद आणि चरबी दोन्ही मागे पडले. १८६६-६७ च्या सुमारास ब्रिटिश फौजेत बॉक्सरचं पितळी काडतूस आलं. दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी, सगळं एकाच बंद डबीत. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना सुरू झाला, सिंहगडाच्या कोठारापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर.

शिकाऱ्यांच्या छऱ्याच्या काडतुसांचं मात्र घोडं अडून राहिलं. बूड पितळेचं, पण नळी पुठ्ठ्याची. पावसाळी हवेत पुठ्ठा फुगायचा आणि काडतूस बंदुकीत शिरायचंच नाही, किंवा शिरलं तर निघायचं नाही. ह्यावरचा पक्का इलाज, प्लॅस्टिकच्या नळीचं काडतूस, अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १९६० मध्ये बाजारात आणलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडची हौसेची शिकार बंद झाली, पण कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका अजून आहेत. त्यातल्या काही ठासणीच्या, म्हणजे दारू सुटी भरायची. आणि कोकणातला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर.