ओलं फडकं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारलाय, त्यामुळे खुर्चीत फार वेळ बसवत नाही. असो.

मागच्या आठवड्यात नातू पुण्याहून गिरडला आला होता. त्याला पाठीवर पिशवी बांधून डोंगर पालथे घालायचं वेड आहे. (हे आमच्या घराण्यात कुठून आलं कोण जाणे. त्याच्या आजोबांना फरीदबाबांची टेकडी चढायची म्हटली तरी वाटेत दोनदा चहा लागायचा!) पुढच्या महिन्यात स्वारी हिमाचलला निघाली आहे. दिवाळीत इथे विसरून गेलेला पाण्याचा फिल्टर त्याने माळ्यावरून काढला. वीतभराची प्लास्टिकची नळी, एका तोंडाला पाण्याची पिशवी लावायची आणि दाबायची, की दुसरीकडून स्वच्छ पाणी. दोष माझाच. दिवाळीनंतर आवरताना ती ओली नळी मीच कॅरीबॅगमध्ये घालून वर गाठ मारली होती. पोरानं गाठ सोडली आणि जो वास आला!

तो वास मी ओळखला. दमट दिवसांत न वाळलेल्या फडक्याचा वास. साठ-पासष्ट वर्षांनी आला, पण ओळखला.

माझ्या लहानपणी आमच्या घरी पाणी विहिरीचं. माय पहाटे दोन गुंड भरून आणायची आणि रांजणाच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं धरून त्यात ओतायची. बाबांच्या दर्शनाला लांबलांबहून बंड्या यायच्या. बंडीच्या दांडीला कॅनव्हासची छागल लटकलेली, आत फिरकीचा तांब्या. त्या काळचं प्रवासातलं पाणी ते एवढंच. ते संपलं की माणसं दारात येत. त्यांनाही माय गाळल्याशिवाय पाणी द्यायची नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता.

मी तिसरीत असताना आषाढात गावात पटकी आली. माझी धाकटी बहीण चार वर्षांची. सकाळी आजारी पडली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. माय पुढे किती वर्षं एकच वाक्य म्हणायची, "पानी तं मी गाळूनच देत होती न वं."

हे मी ब्लॉगवर कधी लिहिलं नव्हतं. घरातल्या पोरांनाही ठाऊक नाही. आज लिहिते, कारण त्या फडक्याचा इतिहास मला आता थोडाफार माहीत आहे.

कापडातून पाणी गाळणं फार जुनं. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवण्याचे सात उपाय सांगितलेत, त्यात कापड आहे आणि कतकही आहे. कतक म्हणजे आपली निवळी. तिचं बी माठाला आतून घासलं की गाळ खाली बसतो. आमच्या शेजारच्या जैन काकूंची पद्धत मला सगळ्यांत आवडायची. पाणी गाळून झालं की त्या फडकं उलटं धरायच्या आणि त्यावरून गाळलेलं पाणी ओतायच्या. फडक्यात अडकलेले जीव खालच्या भांड्यात उतरले की ते पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत हळूच सोडायचं. याला त्या जिवाणी म्हणत. हेतू अहिंसेचा, पण फडकं रोज स्वच्छ व्हायचं. नातवाला हे सांगितलं तर तो उडालाच. "आजी, हा तर बॅकवॉश!" त्याच्या फिल्टरसोबत एक मोठी सिरिंज येते. तिने स्वच्छ पाणी उलट्या बाजूने जोरात ढकलायचं, म्हणजे आत अडकलेली घाण आल्या वाटेने बाहेर पडते. काकूंनी पेटंट घ्यायला हवं होतं!

आता पटकीकडे येते. पटकीचा जंतू इतका बारीक की सुटा असला तर कुठल्याही लुगड्यातून आरपार जाईल. पण तळ्या-विहिरीच्या पाण्यात तो बरेचदा सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतो. अमेरिकेतल्या रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशातल्या मतलब भागात 65 खेड्यांत प्रयोग केला. बायकांना सांगितलं, जुन्या साडीची निदान चौपदरी घडी करून पाणी गाळा. जुनी साडी मुद्दाम. धुवून धुवून तिचे धागे पिंजारतात आणि भोकं बारीक होतात. पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरलं. हे 2003 मध्ये छापून आलं. त्या बायकांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. गाळून झालं की कापड खळबळून धुवायचं आणि उन्हात वाळवायचं.

मायचं फडकं एकपदरी होतं. पाणी ओतून झालं की पिळून रांजणाच्या काठावर. आषाढात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. सकाळी तेच ओलं फडकं पुन्हा पाण्यावर.

त्या फडक्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. गावात ज्यांच्या घरी फडकं नव्हतं त्यांच्याकडेही माणसं गेली. पण पुढे या संशोधनाची बातमी पेपरात वाचली तेव्हा माय जिवंत होती, ऐंशीच्या घरातली. ओसरीवर बसून गहू निवडत होती. मी पेपराची घडी केली आणि आत नेऊन ठेवला. तिला वाचून दाखवला नाही. त्यात चूक केली की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही.

माणसं गाळण्याकडे बघतात ती पाणी पिण्यापुरती. गाळणं जे अडवतं ते गाळण्यातच उरतं, आणि ते काढायचं काम पाणी पिऊन झाल्यावर सुरू होतं. तहान भागलेली असते तेव्हा कोण करतो ते!

युरोपानेही हा धडा माणसं गमावूनच घेतला. 1892 मध्ये हांबुर्गमध्ये पटकीने आठ हजारांवर माणसं गेली. ते शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, तेही हांबुर्गची घाण मिसळल्यानंतरचं पाणी घेत होतं, पण वाळूतून गाळून. ते बरंचसं वाचलं. त्याच सुमारास जर्मनीत बर्केफेल्डचा मातीचा फिल्टर आला (1891) आणि त्याआधी फ्रान्समध्ये पाश्चरचे सहकारी शांबरलां यांचा चिनीमातीचा (1884). आपल्या घरोघरच्या स्टीलच्या टाकीतल्या पांढऱ्या कँडल त्याच कुळातल्या.

आमच्या एका शाळेत असा कँडलचा फिल्टर होता. दर शनिवारी शिपाई कँडल घासायचा. कधी साबण लावायचा, मग सोमवारी पाण्याला साबणाची चव. एका वर्षी फिल्टर अचानक भराभरा गळू लागला. आम्ही सगळे शिक्षक खूश! महिनाभराने कळलं, कँडलला केसासारखी चीर गेली होती आणि पाणी न गाळताच खाली येत होतं. तेव्हापासून वेगात चालणाऱ्या फिल्टरचा मला संशय येतो. हळू झालेला फिल्टर निदान सांगतो तरी, की मला धुवा.

नातवाच्या नळीचं कूळ नारूशी जोडलेलं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. नारू हा शब्दही ठाऊक नव्हता! आमच्या सालदाराच्या पोटरीतून निघालेला नारू काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढताना मी पाहिलाय. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाय बुडवून पाणी भरत, तिथून तो पसरायचा. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या जिवाच्या पोटात त्याची अळी असते, आणि सायक्लॉप्स साध्या कापडानेही अडतो. भारतात 1983-84 मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातही नारू होता. शेवटचा रोगी 1996 च्या जुलैमध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. आफ्रिकेत गुराख्यांना गळ्यात अडकवायला जाळी लावलेल्या नळ्या वाटल्या, तोंडाला लावून थेट डबक्यातून ओढायच्या. त्याच कल्पनेतून 2005 मध्ये लाइफस्ट्रॉ आली आणि डोंगर चढणाऱ्यांच्या पाठपिशवीत जाऊन बसली.

नातवाला मी ती ओढायची नळी घेऊ नको म्हटलं. एकट्याने ओणवं होऊन प्यायचं, दुसऱ्याला घोटभर द्यायची सोय नाही. पिशवीवर लावायचा बरा, चार माणसांचा स्वयंपाकही होतो. पण त्याची भोकं 0.1 मायक्रॉनची. पटकी-हगवणीचे जंतू अडतील, पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, तो सरळ निघून जाईल. वरच्या अंगाला वस्ती असेल तर गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायची किंवा उकळायचं. सेवाग्रामजवळ वाढलेल्या आम्हाला औषध टाकलेल्या पाण्याची चव नवी नाही. वर्ध्यात 1939 मध्ये पटकी आली तेव्हा तरुण डॉ. सुशीला नय्यर जवळपास एकट्या झुंजल्या, हे आम्ही मोठ्यांकडून ऐकत आलो. विहिरीत पडणारं लाल औषध आणि नंतरची टीसीएल पावडर तर डोळ्यांसमोरची.

हिमाचलसाठी आणखी एक गोष्ट. एकदा भिजलेला फिल्टर गोठला की आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. पाणी छान भराभरा येतं... शाळेतल्या कँडलसारखं! रात्री तो अंथरुणात, अंगाजवळ घेऊन झोपायचं.

जुन्या फिल्टरचं काय केलं? सिरिंजने दहादा उलटं पाणी मारलं. आमच्या बोअरचे क्षार असतील म्हणून व्हिनेगरमध्ये ठेवला. पातळ ब्लीच फिरवलं. वास जाईना. पोराला पैशांची हळहळ, म्हणाला, "चालेल गं." मी म्हटलं, चालणार नाही. आणि मग बहिणीची गोष्ट सांगितली. आपल्याला अशी एक आजी होती हे त्याला पहिल्यांदाच कळलं. थोडा वेळ गप्प बसला, मग स्वतःच हॅक्सॉ ब्लेड आणून नळी कापली. आत शेवयांसारखे पांढरे तंतू, एका टोकाला तपकिरी पडलेले.

नवा फिल्टर मागवलाय. परत आल्यावर उलटं पाणी मारायचं, पातळ ब्लीच फिरवायचं, झटकून सावलीत कित्येक दिवस उघडा वाळवायचा, मगच पिशवीत. पुढच्या वेळी आधी कोमट पाण्यात भिजवायचा. हे सगळं मी पाठ करून घेतलंय, पाढ्यांसारखं. गढूळ पाणी थेट फिल्टरमध्ये घालू नये, म्हणून मायच्या एका सुती लुगड्याचा तुकडा चौपदरी शिवून दिलाय. रोज धुवून वाळवायचा, असं बजावलंय.

"हो आजी," म्हणाला. बघू.