बाळघुटीचें एक बाड व सहाणेवरील वेढे

कोंकणांतील आमच्या मूळ घरीं जुन्या कागदांचें जें थोडें दप्तर शिल्लक आहे, त्यांत एक आडवें बाड आहे. बाडाचा बहुतेक भाग नित्यपाठाच्या स्तोत्रांनीं भरलेला असून तो बाळबोध लिपींत आहे. स्तोत्रें संपल्यावर दोन कोरीं पानें सोडून पुढें तीन पानें मोडींत लिहिलेलीं होतीं. अक्षर आमच्या पणजोबांचें. मजकूर लहान मुलांच्या औषधांचा असून तो त्यांनीं घरांतील वडील बायकांच्या सांगण्यावरून उतरून घेतला, असें आमच्या घरीं परंपरेनें सांगत. सांगणारीचें नांव पानांवर नाहीं, लिहिणाराचें आहे.

‘तीन पानें होतीं’ असें मुद्दाम लिहितों. १९८४ सालीं मीं या बाडाची नक्कल केली, तेव्हां संस्कृताचा नवा शिक्षक या नात्यानें स्तोत्रें पाठभेदांसह काळजीपूर्वक उतरून घेतलीं. त्या स्तोत्रांच्या प्रती महाराष्ट्रांत घरोघर सांपडतात. मोडीच्या पानांवर मात्र ‘किरकोळ’ असा शेरा मारून तीं तशींच गुंडाळून ठेविलीं. पुढें दोन पानें वाळवीनें खाल्लीं. उरलेल्या एका पानाचा परिचय संग्राहकांस करून द्यावा, व त्या निमित्तानें स्वतःच्या चुकीची नोंदही करावी, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

(१) पानांतील मजकूर

उरलेल्या पानावर बाळघुटीच्या अकरा औषधांची याद आहे. तीं अशीं : हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, बेहडा, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी व सागरगोटा. बदाम व खारीक हीं निराळ्या ओळींत, ‘पुष्टीस’ म्हणून आहेत. कांहीं नांवांपुढें एकेका शब्दांत उपयोग दिला आहे. मुरडशेंग मुरड्यास, काकडशिंगी खोकल्यास, सागरगोटा जंतांस, जायफळ ढाळास व झोंपेस, इत्यादि.

हीं नांवें निघंटूंशीं ताडून पाहतां दोन-तीन गोष्टी लक्षांत येतात. मुरडशेंगेस संस्कृतांत आवर्तनी म्हणतात. पीळ पडलेली शेंग हाच अर्थ दोन्ही नांवांत आहे. वेखंड म्हणजे वचा. बायका तें ‘वाचा फुटावी’ म्हणून देतात, आणि संस्कृत नांवाचा धातुही बोलण्याचाच आहे. अतिविषेच्या पर्यायांत ‘शिशुभैषज्या’ हें एक नांव आहे, व दुसरें ‘घुणवल्लभा’, म्हणजे किडीस प्रिय. आमची आई अतिविषाची कांडी घेतांना प्रथम तिला भोकें आहेत काय तें पाही, मग ती मोडून आंतून पांढरी आहे कीं नाहीं तें पाही, व शेवटीं जिभेच्या टोंकास लावी. नुसती कडू लागली तर ठेवी. जिभेस मुंग्या आल्या तर फेंकून देई. अतिविष व बचनाग हीं एकाच जातीचीं मुळें असून एक मुलांचें औषध व दुसरें जहाल विष आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या परीक्षेचें महत्त्व कळेल. तिनें निघंटु कधीं पाहिला नव्हता.

(२) ग्रंथांची साक्ष

काश्यपसंहिता हा कौमारभृत्याचा प्राचीन ग्रंथ खंडित स्वरूपांत नेपाळांत मिळाला, व पंडित हेमराज शर्मा यांच्या विस्तृत उपोद्घातासह १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापला गेला. त्यांतील लेहाध्यायांत धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यांत सोनें उगाळून मध-तुपाशीं बालकास चाटविण्याचा विधि आहे. मात्राही सांगितली आहे : जन्मलेल्या बालकास वावडिंगाच्या दाण्याएवढें औषध द्यावें, महिन्या-महिन्यानें वाढवावें, परंतु आंवळ्याएवढ्यापलीकडे नेऊं नये. आमच्याकडील सहाण, तीवरील उगाळणें, व महिन्यागणिक वाढणारी मात्रा यांचें या विधीशीं साम्य उघड आहे.

यावरून ही घुटी ग्रंथांतून बायकांकडे आली, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु कोंकणांतील घरांत हा ग्रंथ शिकविला जात नव्हता. छापील स्वरूपांत तो आला तेव्हां आमच्या आजीचीं मुलें मोठीं झालीं होतीं. ग्रंथ दृष्टीआड असतां आचार चालूच राहिला. बायकांनीं ग्रंथापासून घेतलें, तसें ग्रंथकारांनींही सुइणी व आया यांच्यापासून घेतलें असणें अगदीं संभवनीय आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकागारांत अनेकवार प्रसूत झालेल्या, प्रेमळ व प्रसंगावधानी स्त्रिया असाव्या असें सांगितलें आहे, तें त्यांच्या अनुभवाच्या भरंवशावरच होय.

परंतु श्रेय देण्याची वेळ आली म्हणजे त्या मागें पडतात. वनस्पतींचें नांव व रूप ओळखणारे म्हणून चरकानें शेळ्या-मेंढ्या राखणारे व गुराखी यांचा उल्लेख केला. घरच्या बायकांचा केला नाहीं. १६७८ पासून छापल्या गेलेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ ग्रंथांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचें नागरी लिपींतील प्रमाणपत्र आहे. त्यांत बाईची साक्ष नाहीं. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या संवादग्रंथांत मात्र वनस्पती आणून दाखविणारी घरची दासी आंतोनिया हिचें नांव आलें आहे. तें अपवादादाखल लक्षांत ठेवावें.

(३) वेढे

आतां मुख्य मुद्दा. आमच्या पानावर अकरा नांवें आहेत, उपयोग आहेत, प्रमाण नाहीं. वैद्याच्या बाडांत गुंजा, मासे, तोळे असतात : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. घुटीचें माप यांपैकीं कोणतेंच नव्हे. तें ‘वेढा’ होय. सहाणेवर दुधाचे किंवा पाण्याचे चार थेंब घालून औषधाची कांडी एकदां वर्तुळाकार फिरविली म्हणजे एक वेढा. दगड खरखरीत कीं गुळगुळीत, हात जड कीं हलका, कांडी जुनी कीं नवी, यांप्रमाणें वेढ्यास उतरणारें औषध कमी-अधिक होतें. म्हणून एका घरचे वेढे दुसऱ्या घरीं जसेच्या तसे चालत नाहींत; सून सासूजवळ बसून, त्याच सहाणेवर तें शिकते.

नक्कल केल्यानंतर बऱ्याच वर्षांनीं मीं आईस यादी वाचून दाखविली व प्रत्येकाचे वेढे किती तें विचारलें. ती म्हणाली, “मूल पाहिल्यावांचून वेढे कसे सांगायचे रे?” मीं हें अडाणीपणाचें उत्तर समजलों व वही मिटली. आईस जाऊन आतां अकरा वर्षें झालीं. तिच्या पश्चात् चरकाच्या सूत्रस्थानाचा पहिला अध्याय पुन्हां वाचीत असतां, गुराख्यांच्या उल्लेखानंतर लगेच येणारा विचार नीट ध्यानांत आला. केवळ नामरूप जाणल्यानें औषधि कळत नाहीं; देश व काल पाहून, माणूस-माणूस निरखून जो तिची योजना जाणतो तोच उत्तम वैद्य, असें तेथें सांगितलें आहे. हा अध्याय मीं विद्यार्थ्यांस अनेकवार समजावून दिला होता. आईचें वाक्य त्याचाच अर्थ सांगत होतें, हें मात्र मला कळलें नाहीं. माझ्या हातीं नामरूप राहिलें, योग गेला.

सुदैवानें आमच्या वडील भगिनींस कांहीं आठवतें. त्यांच्यापुढें जुनी सहाण ठेवून मीं विचारीत गेलों, तेव्हां तोंडीं जें सांगतां येत नव्हतें तें हातानें आपोआप झालें. पहिल्या महिन्यांत बहुतेक औषधांचा एकेक वेढा. जायफळाचा अर्धाच, व तोही रोज नाहीं. शौच हिरवट व फेंसाळ असेल तर मुरडशेंगेचा एक वेढा अधिक व हिरडा बंद. शौचास खडा होत असेल तर हिरडा अधिक व जायफळ बंद. बदाम-खारीक तिसऱ्या महिन्यानंतर. ही याद आतां त्या बाडास जोडून ठेविली असून, त्यावर सांगणारीचें नांव प्रथम व लिहिणाराचें मागून घातलें आहे.

(४) एक सावधगिरी

या लेखाचा उद्देश घुटी पुन्हां चालू करावी असा नव्हे. एक वर्षाखालील मुलास मध देऊं नये असें आजचे बालवैद्य बजावितात; वेखंडाच्या कांहीं जातींत अपायकारक द्रव्य आढळलें आहे; घासलेल्या दगडाची स्वच्छता हाही प्रश्न आहेच. शिवाय घरगुती तेवढें निर्दोष, असेंही म्हणतां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या बायकांना मूल निजवून ठेवण्यासाठीं अफूची बाळागोळी द्यावी लागे. तोही या इतिहासाचाच भाग आहे, व तो झांकून ठेवूं नये. इतिहासकारानें आचार जसा होता तसा नोंदवावा. त्याची चिकित्सा वैद्यांनीं करावी.

(५) संग्राहकांस विनंती

दप्तरें चाळतांना स्तोत्रें, वंशावळी व जमाखर्च यांच्या मागें-पुढें अशीं औषधांचीं पानें पुष्कळ मिळतात. त्यांची नोंद ‘किरकोळ’ या सदरांत करूं नये. पृष्ठांक, अक्षर व लिहिणारा-सांगणारी यांच्या निर्देशासह स्वतंत्र करावी. ज्या घरीं पान मिळेल त्या घरच्या वृद्ध स्त्रीस तें वाचून दाखवावें. पुढें सहाण ठेवून मग विचारावें, व तिनें उलट प्रश्न केल्यास तो प्रश्नही लिहून घ्यावा. कागद आणखी पन्नास वर्षें टिकूं शकेल. आमच्या भगिनींचें वय आज शहात्तर आहे.