ब्रशाचं अक्षर आणि खरी सही

अक्षरावरून माणूस ओळखावा, असं पूर्वीचे मास्तर सांगत. हल्ली अक्षरावरून फार तर कॉम्प्युटर ओळखता येतो. लग्नपत्रिका घ्या, वडापावची गाडी घ्या, नाहीतर मांडव्याच्या धक्क्याकडचं शहाळ्याचं दुकान घ्या. सगळीकडे तेच लाडिक, ब्रशानं फराटा ओढल्यासारखं अक्षर. वाटावं, एकच रंगारी रातोरात सायकलवरून जिल्हा फिरून गेला!

या लाडिकपणाचा एक मूळपुरुष अमेरिकेतला. १९४२ साली 'अमेरिकन टाइप फाउंडर्स'साठी रॉबर्ट स्मिथ यांनी 'ब्रश स्क्रिप्ट' हा टाइप काढला. खिळे सुटे, पण छापल्यावर अक्षरं हातात हात घालून चालावीत तशी! साहेबाची अक्षरं पायाशी जुळली की भागतं. आपली मात्र शिरोरेषेला, दोरीवरच्या धुण्यासारखी लटकलेली. सांधा जरा हुकला की शब्दाचीच दोरी तुटली!

ती दोरी ओढावी रंगाऱ्यानंच. १ जानेवारी १९८१ रोजी, अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. इतिहासकार त्यात अस्मिता बघतात. आम्ही कॉमर्सवाले पाट्या मोजतो. जुनं नाव तीन अक्षरी, नवं चार अक्षरी. आता चौथ्या अक्षराला त्याच पाटीवर जागा करून देणं सरकारी हुकमानं थोडंच होतं? ते ब्रशच करतो. शेजाऱ्याला जरा सरकवतो, बस्स. लोकलमध्ये चौथी सीट मिळते तशी.

ही अक्षरं बसवण्याची विद्या कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींत अशी वापरली, की नाव बघूनच नाटक हसवणार की रडवणार याचा अंदाज यावा. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरिन श्मिट यांनी तर 'यात्रा' नावाचा फाँटच केला. म्हणजे बघा, रंगारी घरी बसला आणि त्याचं अक्षर नोकरीला लागलं! पगार मात्र कुणाच्याच खात्यात जमा नाही.

आमच्या किनाऱ्यावर ब्रश अजून पुरता निवृत्त झालेला नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, डागडुजी आणि रंगरंगोटी चालू. होडीचं अंग गोलसर. तिथं अक्षराला फळीच्या कलानं घ्यावं लागतं.

नवे फाँट तसे हुशार. हातानं लिहिल्यासारखं वाटावं म्हणून एकाच अक्षराचे दोन-तीन नमुने बाळगतात आणि आलटून पालटून काढतात. म्हणजे चूकसुद्धा वेळापत्रकानुसार! पण बँकेत आम्ही शिकलो ते असं: दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर एक गिरवलेली असण्याचा संशय घ्यावा. खरा हात स्वतःची हुबेहूब नक्कल कधी करत नाही.

म्हणून कोळीवाड्यात एखाद्या होडीवर 'एकवीरा माता' वाचताना तिन्ही काने वेगवेगळ्या उंचीचे दिसले, की मला हायसं वाटतं. सही खरी आहे, चेक पास!