हिमशिखरांसाठी हलके बूट : निवड कशी करावी?

सह्याद्रीच्या कडेकपारींत तयार झालेला गिर्यारोहक प्रथमच हिमालयाकडे वळतो, तेव्हा त्याच्या साहित्याच्या यादीतील सर्वांत महाग आणि सर्वांत अपरिचित वस्तूंपैकी एक असते ती बुटांची जोडी. किल्ल्यांच्या वाटांवर साधे ट्रेकिंगचे बूट, किंबहुना कापडी हंटर शूजही वर्षानुवर्षे साथ देतात. बर्फावर मात्र बूट हे केवळ पादत्राण राहत नाही. क्रॅम्पॉनला घट्ट आधार देणे आणि बोटांचे हिमदंशापासून रक्षण करणे, ही दोन्ही कामे त्यालाच करावी लागतात. गेल्या दोन दशकांत हे बूट झपाट्याने हलके झाले. हलकेपणा हा गुण खराच. परंतु तो कशाच्या मोबदल्यात मिळतो हे न पाहता केलेली खरेदी पायाच्या बोटांवर बेतू शकते.

पायातील वजन भारी का?

पाठीवरचे ओझे चालताना जवळजवळ एकाच पातळीवर राहते. पायातील वजन मात्र प्रत्येक पावलागणिक उचलावे, पुढे फेकावे आणि थांबवावे लागते. अमेरिकी लष्करी संशोधकांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पायांत वाहिलेल्या वजनासाठी तेवढेच वजन धडावर वाहण्याच्या तुलनेत सुमारे चार ते सहा पट ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे बुटांच्या जोडीतून अर्धा किलो कमी करणे हे पाठपिशवीतून दोन-तीन किलो काढून ठेवण्यासारखे आहे. पाच-सहा हजार मीटरवर, जिथे प्राणवायू निम्म्यावर येतो, तिथे हा फरक शिखर आणि माघार यांमधील फरक ठरू शकतो.

खिळ्यांपासून कार्बन फायबरपर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिर्यारोहक चामडी बुटांना खिळे ठोकून चढत. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये अपुऱ्या पादत्राणांमुळे आपले सहा सोबती गमावल्यानंतर विताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी सोल घडविला. तोच आजचा व्हिब्रम सोल. १९५४ मध्ये के-२ शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन पथकाच्या बुटांना हाच सोल होता. क्रॅम्पॉनला पुढे आलेले दोन दाते १९२९ च्या सुमारास लॉरां ग्रिव्हेल यांनी बसविले. १९३८ साली आयगर पर्वताच्या उत्तर भिंतीवर हेकमायर व फ्योर्ग यांच्याकडे असे बारा दात्यांचे क्रॅम्पॉन होते, तर हारर खिळ्यांच्या बुटांवरच चढत होता. एक दिवस उशिरा निघूनही हेकमायर यांच्या जोडीने पुढच्या जोडीला गाठले.

पुढे चामड्याची जागा प्लास्टिकच्या दुहेरी बुटांनी घेतली. ते उबदार होते, पण अवजड. आज त्यांच्या जागी कृत्रिम धाग्यांचे कापड, कार्बन फायबरची तळपट्टी आणि बुटालाच शिवलेले गेटर आले आहेत. पूर्वीच्या चामडी बुटांची जोडी दोन किलोंच्या आसपास भरे. आधुनिक एकपदरी बूट दीड किलोच्या आसपासही मिळतात.

पहिला प्रश्न : ताठरपणा

बुटाचा सोल किती वाकतो यावरून ब्रिटनमध्ये रूढ झालेली वर्गवारी आता बरीच सर्वमान्य आहे. बी-० बूट क्रॅम्पॉनसाठी नाहीत. बी-१ किंचित लवचिक असून सोप्या हिमनदीवर पट्ट्यांच्या सी-१ क्रॅम्पॉनसह चालतात. बी-२ ताठर असून त्यांच्या टाचेला खाच असते. पुढे पट्टा व मागे खटका असलेले सी-२ क्रॅम्पॉन त्यांना बसतात. बी-३ पूर्ण ताठर असतात. पुढे-मागे दोन्हीकडे खाचा असल्याने पुढील बाजूस तारेची कडी असलेले सी-३ क्रॅम्पॉन त्यांनाच लावता येतात.

गोठलेल्या धबधब्यावर चढताना शरीराचा भार पुढच्या दात्यांवर तोललेला असतो. तेथे सोल वाकला तर पोटऱ्या काही मिनिटांत थरथरू लागतात आणि क्रॅम्पॉन निसटण्याचाही धोका असतो. म्हणून उभ्या बर्फासाठी बी-३ ला पर्याय नाही. चांगल्या हलक्या बुटांत कार्बनच्या पट्टीमुळे ताठरपणा कायम राहतो. केवळ वजन कमी दिसते म्हणून बी-१ घेणे ही बचत नव्हे.

दुसरा प्रश्न : ऊब

हलकेपणाची खरी किंमत येथे मोजावी लागते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यात पहाटे दोनला सुरू होणारी चढाई, वारा आणि दोर सांभाळत एका जागी उभे राहणे यांची भर पडते.

शिवाय एकपदरी बुटाची एक अंगभूत मर्यादा आहे. दिवसभराचा घाम त्याच्या अस्तरात मुरतो, रात्री तंबूत गोठतो आणि सकाळी पाय बर्फाच्या साच्यात घालावा लागतो. दुहेरी बुटाचा आतील मोजा काढून झोपण्याच्या पिशवीत घेता येतो. म्हणून मनालीजवळील फ्रेंडशिप शिखरासारख्या (सुमारे ५,२८९ मीटर) उन्हाळी चढाईला ऊबदार एकपदरी बूट पुरतो. लडाखमधील कांग यात्से-२ सारख्या सहा हजारी शिखरासाठी, किंवा बर्फात अनेक रात्री काढायच्या असल्यास, हलका दुहेरी बूट अधिक सुरक्षित. हिवाळ्यात स्पितीच्या गोठलेल्या धबधब्यांवर जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू. तेथे उंची कमी असली तरी थंडी कमी नसते. आठ हजारी शिखरांसाठी गुडघ्यापर्यंतच्या गेटरसह येणारे खास बूटच हवेत.

तिसरा प्रश्न : माप

बहुतेक नामांकित बूट युरोपीय साच्यावर घडविलेले असतात. अनवाणी किंवा चपलेत वाढलेला आपल्याकडील पाय चवड्याशी अनेकदा रुंद असतो. त्यामुळे लांबी जुळूनही बूट बाजूंनी आवळतो. आवळलेल्या बुटात रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही आणि मग कितीही जाड अस्तर निरुपयोगी ठरते. त्याच कारणाने घट्ट बुटात मोज्यांच्या दोन जाड जोड्या कोंबणे म्हणजे हिमदंशाला आमंत्रण होय.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोहिमेत वापरायचे मोजे घालूनच पाहावेत. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. उतारावर उभे राहिल्यास ती पुढे टेकता कामा नयेत आणि चवड्यावर भार दिल्यास टाच उचलली जाऊ नये. क्रॅम्पॉन सोबत नेऊन, त्याच बुटावर बसवून पाहावा. पुढच्या कडीचा आकार प्रत्येक बुटाच्या खाचेला जुळतोच असे नाही.

जुने आणि भाड्याचे बूट

उत्तरकाशी, दार्जिलिंग वा मनाली येथील प्रशिक्षण संस्थांत अभ्यासक्रमासाठी बूट मिळतात. मनाली व लेहमध्ये ते भाड्यानेही मिळतात. पहिल्या एक-दोन मोहिमांसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र आतील मोजा, नाड्या, चेन आणि खाचांची झीज तपासून घ्यावी. जुन्या प्लास्टिकच्या बुटांना थंडीत अचानक तडे जाऊ शकतात.

मुंबई-कोकणातील गिर्यारोहकांनी आणखी एक बाब ध्यानी ठेवावी. अनेक बुटांच्या सोलमधील पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांत आपोआप विघटित होतो. माळ्यावर चार-पाच पावसाळे ठेवलेला, वरून कोरा दिसणारा बूट हिमनदीवर तळव्यापासून सुटू शकतो. बूट कोरड्या, हवेशीर जागी ठेवावेत आणि मोहिमेपूर्वी घालून चार-पाच तास चालून पाहावेत. हलके कापड क्रॅम्पॉनच्या दात्याने सहज फाटते आणि अनेक हलक्या बुटांचा सोल पुन्हा बसविता येत नाही, हेही खर्चाच्या हिशेबात धरावे.

निवडीचा क्रम

प्रथम पर्वत व ऋतू ठरवावा. त्यानुसार ताठरपणा, मग ऊब, मग माप पाहावे. या तिन्ही कसोट्यांना उतरलेल्या बुटांतून सर्वांत हलका निवडावा. हा क्रम उलटा केल्यास वाचलेले पाव-अर्धा किलो वजन चढताना सुखाचे वाटेल, पण बधिर झालेली बोटे परतीच्या वाटेवर त्याची वसुली करतील.