भांडीं, यंत्र आणि सुटे भाग

नाशिकचीं तांब्यापितळेचीं भांडीं एके काळीं दूरवर नांवाजलेलीं होतीं. त्यांचा इतिहास पाहूं जातां एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, भांड्याचें आयुष्य तें घडविणाऱ्याच्या आयुष्यावर अवलंबून नसे. हंड्यास भोंक पडलें तर तांबटानें डाग द्यावा, कल्हई उडाली तर ती पुन्हां चढवावी, आणि अगदींच निकामी झालें तर भांडें मोडींत देऊन नवें घ्यावें, अशी चाल होती. तांबें जाणणारा कोणीहि मनुष्य तें दुरुस्त करी.

भांडीं धुणाऱ्या यंत्राचा आरंभहि असाच साधा होता. अमेरिकेंतील जोसेफीन कॉक्रेन या बाईंनीं १८८६ मध्यें त्याचें पेटंट घेतलें व १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत तें लोकांपुढें मांडलें. तारेचे कप्पे, तांब्याचा बॉयलर आणि साबणाचें गरम पाणी, एवढाच त्याचा संसार! तें त्या वेळीं नाशकांत आलें असतें, तर येथील तांबट त्यापुढें अडला नसता.

आजच्या डिशवॉशरची गोष्ट निराळी आहे. २०२० च्या टाळेबंदींत तो आपल्या शहरांतील अनेक घरीं आला. आतां तीं यंत्रें जुनीं होऊं लागलीं आहेत, आणि ‘हा भाग बनणें बंद झालें’ हें उत्तर ऐकण्याची पाळी पुष्कळांवर येणार आहे. अशा वेळीं भागाभागांत विवेक केला पाहिजे. बेअरिंगवरील क्रमांक बहुधा सर्वत्र एकच असतो. कपॅसिटर मायक्रोफॅरड व व्होल्ट पाहून मिळतो. पंपाचें सील मापानें जुळवितां येतें. धातूची झिजलेली बिजागरी सातपूर-अंबडकडील लेथवर घडवितां येते. विजेचा हीटर मात्र वॉट आणि घाट दोन्ही जुळल्यावांचून बसवूं नये. खरी अडचण नियंत्रण-पाटीची. तींतील जळालेला रिले बदलतां येईल. परंतु चिपेंतील कार्यक्रम नष्ट झाला, तर तो कारखान्याबाहेर कोणास ठाऊक नसतो. वस्तु आपल्या घरांत आणि तिची विद्या परक्याच्या कुलपांत, असा हा प्रकार आहे.

युरोपीय संघानें हें ओळखून १ मार्च २०२१ पासून नियम लागू केला: एखाद्या नमुन्याचें शेवटचें यंत्र बाजारांत आल्यापासून पंप, मोटार, हीटर व नियंत्रण-पाटी हे भाग दुरुस्तीच्या व्यावसायिकांस निदान ७ वर्षें, आणि सीलें, फवाऱ्याचे हात व जाळ्या ग्राहकांसहि निदान १० वर्षें मिळाल्या पाहिजेत. भारत सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचें पोर्टल उघडलें; त्यावर कंपन्यांची माहिती मिळते, परंतु अशा मुदतीचें बंधन त्यानें घातलेलें नाहीं.

मुदत केव्हां तरी संपणारच. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, ज्या दिवशीं कारखाना एखादा भाग करणें सोडील, त्या दिवशीं त्याचीं मापें, नकाशा व कार्यक्रम त्यानें लोकांस खुला करावा. मग पुढचें काम करण्यास नाशकांत कारागिरांचा तोटा नाहीं.